दोन सिनेमे आणि एक दार

खोली बघायला गेले तेव्हा मी तीनदा कडी वाजवली. आतून एक भरदार आवाज आला, "कौन है?"

"खोली बघायला आलेय," मी म्हणाले.

आत एकदम शांतता. मी पुन्हा कडी वाजवली. पुन्हा तेच, "कौन है?" विट्यासारख्या गावात, भर दुपारी, दाराआडचा माणूस हिंदीत का भांडतोय हे मला कळेना. मी परत जायला निघाले तेवढ्यात शेजारच्या दारातून एका बाईंनी डोकं बाहेर काढलं. त्याच अंगणात, एकाच भिंतीच्या पलीकडे त्यांचं घर होतं.

"हिंदीत बोला बाई," त्या म्हणाल्या. "मराठीत हाक मारली तर उगडत न्हाईत. आपल्याच गावात आपल्या मानसाला परक्या भाषेत इचारायचं, काय मेलं वागनं!"

मी तिथल्या कॉलेजात तासिकेवर हिंदीच शिकवायला आले होते. साताऱ्याहून रोजचं येणं-जाणं झेपेना म्हणून खोली शोधत होते. मी घसा साफ केला आणि वर्गात बोलते तशी म्हणाले, "जी, कमरा देखने आई हूँ." लगेच कडी निघाली. डोक्याला घट्ट कानटोपी, अंगात बंडी, डाव्या हाताची दोन बोटं आखडलेली, असा साठीच्या पुढचा माणूस समोर उभा. त्यांनी मला खोली दाखवली नाही, भाडं सांगितलं नाही, जातपात विचारली नाही. फक्त एवढंच म्हणाले, "हिंदी चांगली हाय तुमची. कवा येताय ऱ्हायला?"

पक्की नोकरी मिळवून द्यायला हिंदी माझ्या फारशी उपयोगी पडली नाही. खोली मात्र तिनेच मिळवून दिली.

मी त्यांना मालक म्हणायचे. गाव शेठ म्हणायचं. विट्यात प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी गलाईच्या धंद्यात असतं. परमुलखातल्या शहरात सराफ गल्लीत एक खोली घ्यायची, भट्टी पेटवायची आणि जुने दागिने मुशीत, म्हणजे मातीच्या भांड्यात, वितळवून, तेजाबात घालून सोनं शुद्ध करून द्यायचं, हा तो धंदा. मालकांनी आयुष्याची पंचवीसेक वर्षं दक्षिणेतल्या एका शहरात, चुलतभावाच्या दुकानात भट्टीपुढे काढली. परत आले ते बोटं भाजून, डोक्याला टाके घालून आणि चुलतभावाच्या अस्थी घेऊन. शेजारच्या बाई म्हणजे त्या भावाची बायको. मालक त्यांना वैनी म्हणत, त्या मालकांना भावजी. मालकांनी लग्न केलं नव्हतं. त्यांचं जेवण वैनींकडूनच यायचं.

विक्षिप्तपणाची यादी करायची तर वहीच लागेल. एक, घरातला केर टाकू द्यायचे नाहीत. गलाईच्या दुकानात जमिनीवरच्या धुळीतही सोन्याचा कण असतो, म्हणून तिथला केर कोणी टाकत नाही, तो साठवून पुन्हा गाळतात. ते ठीक. पण विट्याच्या घरात माझ्या खोलीतल्या केसांच्या गुंतवळ्यात कसलं सोनं सापडणार होतं? तरी मागच्या पडवीत पिंप होतं आणि केर त्यातच जायचा. दुसरं, भाकरीला शिवायचे नाहीत. दोन्ही वेळ भात. वैनी ताट ठेवताना पुटपुटायच्या, "तिकडं ऱ्हाऊन भातखाऊ झाल्यात. आमच्या घरात आजारी मानसाला सुद्दा कुनी एवढा भात घालत न्हाई." तिसरं म्हणजे बाजार. बाजारच्या दिवशी मालक न चुकता पिशवी घेऊन जायचे आणि रिकामी पिशवी घेऊन परत यायचे. मी एकदा पाहिलं, कांदेवाल्याच्या बाजूला मान तिरकी करून उभे होते. गर्दीत मागून कोणी मोठ्याने बोललं की थबकायचे, वळून त्या माणसाचं तोंड बघायचे आणि पुढे जायचे. मला वाटलं, म्हातारपणी माणसाला गावाची बोली कानभर ऐकावीशी वाटते. मी वर्गात पोरांना हे उदाहरण म्हणून सांगितलंसुद्धा. मास्तरांना कशाचाही पाठ करायची खोड असते.

आणि चौथं, दोन टीव्ही.

पुढच्या खोलीत एका लांब टेबलावर दोन टीव्ही शेजारी शेजारी मांडलेले. मालकांच्या दोन हातांत दोन रिमोट. दर रविवारी दुपारी डाव्या टीव्हीवर एक सिनेमा आणि उजव्यावर दुसरा. दोन्ही एकाच खुनाचे. खून त्यांच्या भावाचा.

झालं होतं ते गावाला पाठ होतं. दुपारी जेवणाच्या वेळी दुकानात चोर शिरले. भाऊ जागीच गेला, मालक डोक्यात घाव बसून पडले. परमुलखातले दोघे पुढे सापडले आणि जन्मठेपेवर गेले. एवढीच हकिकत. पण तिच्यावर आधी तिकडच्या भाषेत एक सिनेमा निघाला, तो हिंदीत डब होऊन इकडे आला. मग काही वर्षांनी मोबाइलवर बघायचा एक हिंदी सिनेमा आला.

पहिल्यात चोर कुऱ्हाडीने दार फोडतात. भाऊ भट्टीतली तापलेली सांडशी घेऊन दोघांशी लढतो आणि मरताना बायकोचं नाव घेतो. दुसऱ्यात दार फुटत नाही. दुकानातला नोकर आधीच चोरांना फितूर झालेला असतो. बाहेरून खूण होते, नोकर उठतो, दुकानदार झोपलाय याची खात्री करतो आणि हसत हसत कडी काढतो. तो नोकर म्हणजे कोण, हे विट्यातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. नटाला कानटोपीसुद्धा घातली होती.

मालक दोन्ही सिनेमे थांबवत थांबवत बघायचे आणि चुका काढायचे.

"बगा, बगा. भट्टी खिडकीच्या बाजूला! गलाईचं दुकान हाय का वडापावचा गाडा?" किंवा, "मूस हातात घेतलीया गड्यानं. नुसत्या हातात! सोनं पातळ झालं म्हंजे मूस निखाऱ्यापरास तापती. ह्यो हिरो हाय का सांडशी?" किंवा, "ह्या दुसऱ्यात तेजाबाचा धूर निळा दावलाय. तांबूस असतोय त्यो. सोन्याची माती केली भाड्यांनी."

मी सतरंजीवर बसून शेंगा खात ऐकायचे. मला हसू यायचं. खुनाच्या सिनेमात माणूस धुराचा रंग बघतो, याची गंमत वाटायची. ती गंमत नव्हती हे कळायला मला कित्येक महिने लागले, इतकी मी हुशार.

वैनी फक्त पहिला सिनेमा बघायला यायच्या. उंबऱ्यावर बसायच्या, आत नाही. भाऊ सांडशी घेऊन उठला की पदर नीट करायच्या. तो पडला की डोळे पुसायच्या. आणि दर वेळी, न चुकता, विचारायच्या, "असंच झालं न्हवं, भावजी?"

"हां वैनी," मालक म्हणायचे. "असंच."

मग त्या उठून जायच्या. दुसरा सिनेमा त्यांनी एकदाच पाहिला होता. त्या नटाचं हसू आलं तेव्हा, "ह्यो हसतोय बग मुडदा," म्हणून त्यांनी मोबाइल आपटला होता. पुढे एकदा स्टँडवर कोणी टवाळाने मालकांना "काय शेठ, दार उगडायचं काय मिळालं?" असं विचारलं. मालक गप्प राहिले. वैनींना कळलं तेव्हा त्या चपला घालून त्या माणसाच्या दुकानात गेल्या आणि भर गिऱ्हाइकांत त्याची सालटी काढून आल्या. "माझ्या नवऱ्यासाठी डोकं फोडून घेतल्यालं मानूस हाय त्ये," म्हणाल्या. "तुमच्या पिच्चरपेक्षा मला त्यांचा शबुद म्होरं हाय."

त्या संध्याकाळी मालक जेवले नाहीत. मला वाटलं, अपमान लागला असेल.

पत्राची कल्पना वैनींचीच. दुसरा सिनेमा काढणाऱ्यांना हिंदीत खरमरीत पत्र लिहायचं, त्यांनी चूक कबूल करायची, माफी मागायची. "हिंदीच्या मास्तरीणबाई घरात हायत," त्या म्हणाल्या, "आनि तुमी नुसतं बटनं दाबत बसलाय व्हय?" मालक नाही म्हणू शकले नाहीत. वैनींना ते कधीच नाही म्हणत नसत.

मग सुरू झाला आमचा पत्रलेखनाचा खटला. मालक सांगायचे, मी लिहायचे. भट्टीची जागा चूक. मुशीचा आकार चूक. वजनकाटा त्या काळातला नव्हे. दुकानात भिंतीवर जे कॅलेंडर आहे ते असं नसतं. तेजाबाची बरणी काचेची असते, ती पितळी दाखवलीय. पितळेत तेजाब ओतलं तर बरणीच शिल्लक राहणार नाही. तीन पानं झाली, पाच झाली. मी स्वच्छ करून लिहून काढायचे की मालक म्हणायचे, "थांबा, आजून एक राहिलंय." पहिला मसुदा, दुसरा, चौथा. वैनी रोज विचारायच्या, "गेलं का पत्र?" मी म्हणायचे, "चाललंय." मी मनात चरफडायचे. मला परीक्षेचे पेपर तपासायचे होते.

एका रविवारी मी सगळा मसुदा मोठ्याने वाचून काढला आणि माझ्याच लक्षात आलं. मी मास्तरीण आहे, उत्तरपत्रिकेत काय लिहिलंय त्यापेक्षा काय सोडलंय ते मला आधी दिसतं.

"मालक," मी म्हणाले, "धुराचा रंग आला, बरणी आली, कॅलेंडर आलं. दार राहिलं की."

"कंचं दार?"

"अहो, ज्याच्यासाठी पत्र लिहितोय ते. नोकर फितूर होता आणि त्याने दार उघडलं, हे खोटं आहे. हे पहिल्या ओळीत पाहिजे."

मालकांनी दोन्ही सिनेमे पुढे नेले आणि थांबवले. डाव्या पडद्यावर दारात रुतलेली कुऱ्हाड. उजव्या पडद्यावर कडीवर हात ठेवून हसणारा नट. या हसण्यावर ते नेहमीच थांबायचे. मला वाटायचं, रागाने.

त्यांनी आखडलेल्या बोटांनी उजवीकडे दाखवलं.

"हितं दार आतनं उगडलंय. तेवढं खरं हाय."

मी मसुद्याची पानं खाली ठेवली.

"आनि हसत उगडलं, तेबी खरं हाय. मी हसतच उगडलं, बाई."

मग त्यांनी डावा टीव्ही बंद केला. "ह्यो पयला सगळा खोटा. माझ्याच जबानीवरनं काढलाय."

त्यांनी सांगितलं ते मी इथे थोडक्यात लिहिते. त्यांना ते सांगायला सगळी दुपार लागली.

दुपारची वेळ. भट्टी शांत केली होती, भाऊ जेवून आडवा झाला होता, मालक ताट घेऊन बसले होते. ताटात भाकरी होती. त्या भातखाऊ शहरात आठवड्यातून एकदा ज्वारी मिळायची, त्या दिवशी भाकरी व्हायची. दार वाजलं. गलाईच्या दुकानाचं दार ओळख पटल्याशिवाय उघडत नाहीत, एवढा नियम लहानपणापासून अंगात मुरलेला. मालकांनी आतून तिकडच्या भाषेत विचारलं, कोण? बाहेरून उत्तर आलं ते आपल्या बोलीत.

"आवं दादा, दार उगडा की. गावाकडनं आलोय. भाकरीचा वास आला खाली गल्लीत. लय दिस झालं वं भाकरी खाऊन."

हे वाक्य मालकांनी स्वतःच्या आवाजात सांगितलं नाही. आवाज बदलला, कोवळा झाला, थोडा आर्जवी. इतकी वर्षं ते त्यांनी मनात घोकलं होतं.

परमुलखात गावाकडचा माणूस दारात आला तर नाव न विचारता ताट मांडायचं, ही गलाईवाल्यांची रीत. नाव विचारणं हा अपमान. मालक भाकरीचा तुकडा हातात घेऊनच उठले, आणि हसत कडी काढली. दारात आपल्याकडचा एक जण होता. त्याच्या मागे दोघे.

"म्हणजे तिघं होते?" मी विचारलं.

"तिगं. त्यो हाक मारनारा आत आलाच न्हाई. दारातच हुबा ऱ्हायला आनि मग गेला."

दवाखान्यात शुद्ध आली तेव्हा उशाशी पोलीस नव्हते, आपल्याकडचे चार जाणते गलाईवाले होते. मालकांनी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी आपसात बघितलं. मग त्यातला सगळ्यात मोठा म्हणाला, हे बाहेर गेलं तर या मुलखात आपला माणूस आपल्या माणसाला दार उघडणार नाही, आणि सराफ आपल्याला दारात उभं करणार नाहीत. दोघं होते, दार फोडलं, असं सांग. दार काय, फोडता येतं. आतून उघडलेलं दार बघून, पोलीस यायच्या आत, ते त्यांनी त्याच दुपारी फोडून ठेवलं होतं. डोक्याला सतरा टाके पडलेल्या माणसाने मान हलवली.

पुढे ते दोघे पकडले गेले. तिसरा होता असं कोर्टात सांगत राहिले. पण डोळ्यांनी बघणारा साक्षीदार दोघंच म्हणत होता. कोर्टाने साक्षीदाराचं ऐकलं.

"म्हंजे त्यो सुटला," मी त्यांच्याच बोलीत म्हणून गेले.

"सुटला. हितलाच हाय कुटंतरी. म्हसवडाकडं, न्हाईतर खाली जतकडं. बोलन्यावरनं तिकडचा वाटला. तोंड मी निमिषभरच बगितलं, आवाज मातूर हाय कानात. म्हनून बाजारात जातो."

मला राग आला, हे खोटं कशाला सांगू? कणव नंतर आली, आधी राग. या माणसाने दर रविवारी त्या बाईला "असंच झालं" म्हणून सांगितलं होतं. ती बाई यांच्यासाठी चपला घालून गावाशी भांडत होती. मी म्हणाले, "पत्र राहू द्या. आधी वैनींना सांगा." मालक म्हणाले, "त्यांच्याजवळ नवरा मेल्याचा तेवढा एकच पिच्चर हाय, बाई. त्यो बी काढून घेऊ?" मी म्हणाले, हो. तेव्हा मी तिशीतली होते आणि खरं बोलल्याने माणसं हलकी होतात असं मला वाटायचं. आता तसं ठामपणे वाटत नाही.

चार दिवसांनी, दुपारीच, मी माझ्या वरच्या खोलीच्या जिन्यातून पाहिलं. मालक अंगण ओलांडून वैनींच्या दाराशी उभे होते. त्यांनी कानटोपी काढली होती. टाक्यांचे जुने वण दिसत होते. त्यांनी कडी वाजवली.

"कोन हाय?"

"मी हाय, वैनी."

दार उघडलं. ते आत गेले नाहीत. उभ्याउभ्याच सांगितलं. ते इतकं हळू बोलत होते की मला शब्द ऐकू येत नव्हते, पण मध्येच तो कोवळा आर्जवी आवाज आला आणि मी जिन्याचा कठडा धरला. ते वाक्य त्यांनी वैनींना तसंच्या तसं ऐकवलं होतं.

मग वैनींचा आवाज आला, शांत, स्पष्ट, जेवण झालं का असं विचारावं तसा.

"मी बी उगडलं असतं, भावजी."

मालकांनी मान वर केली. मला वाटलं, संपलं एकदाचं.

"भाकरी मागितल्यावर मी बी उगडलं असतं," वैनी म्हणाल्या. "पर मी सांगितलं असतं."

आणि दार लावून घेतलं.

त्या दिवसापासून भात यायचा बंद झाला. मालक स्वतःच काहीतरी उकडून खाऊ लागले. रविवारी उंबरा रिकामा राहिला. मालकांनी डाव्या टीव्हीवर कापड टाकलं, मग काही दिवसांनी उजव्यावरही. पाचवा मसुदा मी फाडला आणि नवा लिहिला, दोन पानांचा, त्या शहरातल्या पोलिसांना. त्यात भट्टी नव्हती, बरणी नव्हती. तिसरा माणूस होता, आणि त्याचं वाक्य होतं, जसंच्या तसं, आपल्या बोलीत, खाली हिंदीत अर्थ. मालकांनी सही केली. रजिस्टर पोस्टाने पाठवलं. पोच आली, तिच्यावर शिक्का होता. ती त्यांनी दाराच्या आतल्या बाजूला चिकटवली. त्यानंतर कोणी आलं नाही, काही कळवलं नाही. ते बाजारात जात राहिले, पिशवी रिकामी आणत राहिले.

वर्ष संपलं तशी माझी तासिका संपली. मी साताऱ्याला परत आले, मग उंब्रजच्या एका शाळेत लागले. निघताना मी वैनींकडे गेले. त्यांनी माझ्या हातावर साखर ठेवली, पण माझ्याकडे बघितलं नाही. त्यांच्याजवळचा तेवढा एक सिनेमा माझ्यामुळे बंद पडला होता, हे त्या विसरल्या नव्हत्या. विसराव्यात तरी का?

मालक गेल्याचं मला उशिरा कळलं. बाजारातच चक्कर येऊन पडले म्हणे, कांद्यांच्या रांगेत. कोणाचा तरी आवाज ऐकून वळले होते की नुसतंच ऊन लागलं, हे सांगायला कोणी नव्हतं. मी एका शनिवारी शाळा सुटल्यावर विट्याची एसटी धरली.

मालकांच्या दाराला कुलूप होतं. केराचं पिंप अजून पडवीत होतं. मी वैनींच्या दाराशी गेले आणि कडी वाजवली.

"वैनी," मी म्हणाले, "मी आलेय."

आत पावलं दाराजवळ आल्याचं कळलं. मग थांबली. मी पुन्हा म्हणाले, "वैनी, दार उघडा की. मी आहे."

आतून, ज्या बाईने आयुष्यात विट्याबाहेर पाऊल टाकलं नव्हतं, तिचा अडखळता आवाज आला.

"कौन है?"

मला रडू आलं. मी हिंदीत माझं नाव सांगितलं. कडी निघायला बराच वेळ लागला.